उतरलेलं निशाण



शहागड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं असेल. निदान ओलांडलेलं तरी असेलच. औरंगाबादेहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराहून, बीडच्या रस्त्याला लागलं, की पाचोड जातं, वडीगोद्री मागे पडते आणि मग गोदावरी आडवी येते. अलीकडच्या काठावर शहागड, तालुका अंबड, जिल्हा जालना. पूल संपला की गेवराई तालुका आणि बीड जिल्हा. एस.टी. पुलावर आली की म्हातारी माणसं खिडकीतून हात बाहेर काढून नदीत पैसा टाकतात आणि गंगामाईला नमस्कार करतात. आपल्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणतं कोण? गंगाच म्हणतात.

या गंगाकाठच्या एका शाळेतली गोष्ट तिथल्या गुरुजींनी मला सांगितली. १७ सप्टेंबरचा दिवस. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडावंदन झालं, गुरुजींनी चार शब्द सांगितले. १९४८ साली या दिवशी निजामाचं राज्य संपलं आणि आपल्या भागात तिरंगा लागला, असं ते बोलले. मुलांना खाऊ वाटून झाला. सगळी पोरं पांगली आणि एक मागे राहिला. तो म्हणाला, "गुरुजी, आपला झेंडा वर गेला, तर मग खाली कोणचा आला?"

गुरुजी म्हणाले, "निजामाचा."

"कसा होता तो?"

आता आली पंचाईत. गुरुजींना ठाऊक नव्हतं. मला म्हणाले, "हिरवा असंल असं तोंडावर आलं होतं, पण जीभ चावली. आपण पाहिलेलाच नाही, तर कसं सांगावं?"

गुरुजींनी जीभ चावली हे फार चांगलं केलं. कारण निजामाचं निशाण हिरवं नव्हतं, पिवळं होतं. आणि त्याच्या मधोमध काय होतं म्हणाल? भाकरी होती!

अगदी भाकरी नव्हे, कुलचा. कुलचा म्हणजे मैद्याची आंबवलेली, तंदुरात भाजलेली वाटोळी रोटी. औरंगाबादेत ज्यांनी नान-खलिया खाल्ला आहे त्यांना हे घराणं नव्यानं सांगायला नको. पिवळी जमीन आणि तिच्यावर पांढरा वाटोळा कुलचा, असं आसफजाही राज्याचं निशाण होतं. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातल्या निशाणावर फारसी-अरबी वळणाची अक्षरंही होती. वरच्या बाजूला 'अल अज़मतु लिल्लाह', म्हणजे थोरवी परमेश्वराची. मध्ये 'निज़ामुल्मुल्क आसफ जाह' हा घराण्याचा किताब. आणि खालच्या बाजूला 'या उस्मान', म्हणजे हे उस्माना! ही तीन वाक्यं ध्यानात ठेवा. वर देव, मध्ये घराणं आणि खाली राजा. आपण पुढे त्यांच्याकडे परत येऊ.

राज्याच्या निशाणावर रोटी कशी आली, याची जी आख्यायिका आहे ती आपल्याच मुलखातली आहे. हैदराबादेत सांगतात ती खरी, पण घडली म्हणतात ती औरंगाबादेत. निजाम घराण्याचा मूळ पुरुष मीर कमरुद्दीन हा मोगल बादशहाचा सरदार. दख्खनेत असताना तो हजरत निजामुद्दीन औरंगाबादी या सूफी अवलियाच्या दर्शनाला गेला. अवलियानं पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे त्याच्यापुढे ठेवले. सरदार भुकेला होता. त्यानं एक खाल्ला, दुसरा खाल्ला, असे सात खाल्ले, आणि आठवा काही जाईना. तेव्हा अवलिया म्हणाले, की तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. पुढे राज्य मिळालं, तेव्हा त्या पिवळ्या फडक्याचं निशाण झालं आणि त्याच्यावर कुलचा आला.

गोष्ट मोठी गोड आहे. आता जरा मोजून पाहू, कारण शिक्षकाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. पहिला आसफ जाह १७४८ साली वारला. त्याची कबर खुलताबादेत आहे, शहागडाहून लांब नाही. त्याच्यानंतर गादीवर आले नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग. या तिघांना सोडून दिलं आणि 'आसफ जाह' हा किताब लावणारेच मोजले, तर निजाम अली दुसरा, सिकंदर जाह तिसरा, नासिरुद्दौला चौथा, अफजलुद्दौला पाचवा, महबूब अली सहावा आणि उस्मान अली सातवा. सात भरले! पण गादीवर बसले ते दहा. तेव्हा अवलियाचा शब्द खरा ठरावा म्हणून मधले तिघे गाळले, की तिघे गाळल्यावर आकडा जुळला म्हणून गोष्ट रंगली, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझं मत विचाराल, तर आख्यायिका पुष्कळदा हिशेब पाहून मग आशीर्वाद देते. तरी त्या गोष्टीत एक खरी गोष्ट आहेच. राज्य करणाऱ्यालासुद्धा आपला अधिकार तलवारीवर उभा आहे असं सांगायला आवडत नाही. तो एका फकिराच्या भाकरीवर उभा आहे, असं सांगणं बरं वाटतं. प्रत्यक्षात तो अधिकार उभा राहिला १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत. साखरखेर्डा हे आपल्या जालन्याच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात. तिथं मीर कमरुद्दीननं दख्खनचा सुभेदार मुबारिजखान याला मारलं आणि गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं.

हे पिवळं निशाण गंगेच्या या काठानं एक वाईट दिवसही पाहिला आहे. शहागडाजवळच, नदीच्या दक्षिण काठाला, राक्षसभुवन आहे. शनीचं राक्षसभुवन म्हणून तुम्ही जत्रेला जाता तेच. १० ऑगस्ट १७६३. पानिपत होऊन अडीच वर्षं झालेली. मराठ्यांचं कंबरडं मोडलं असं समजून निजाम अलीच्या फौजा पुण्यापर्यंत जाऊन आल्या होत्या. परतताना निजाम अली नदी ओलांडून उत्तर काठाला आला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर निम्मी फौज घेऊन दक्षिण काठालाच राहिला. दिवस पावसाळ्याचे, गंगेला पाणी आलेलं. माधवराव पेशव्यांचं वय तेव्हा अवघं अठरा वर्षांचं. त्यांनी दक्षिण काठावर त्या फौजेला गाठलं. विठ्ठल सुंदर पडला, फौज उधळली, आणि निजाम अलीला पाण्याच्या अलीकडून हात चोळण्यापलीकडे काही करता आलं नाही. एका काठावर पिवळं निशाण, दुसऱ्या काठावर भगवा आणि जरीपटका, आणि मध्ये गढूळ पाणी, असं ते चित्र.

या लढाईत एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. निजामाच्या बाजूनं लढता लढता मेला तो विठ्ठल सुंदर हिंदू होता. आणि निजामाकडचे मराठे सरदार त्या दिवशी कोण कुठे होते हा तर वेगळाच घोळ आहे. निशाणाच्या रंगावरून माणसांचा धर्म ओळखता येत नाही. तसं करायला जाल तर इतिहासात पावलोपावली ठेच लागेल.

आता आपल्या आजे-पणज्यांच्या काळाकडे येऊ. हैदराबाद संस्थान म्हणजे सुमारे ८२,००० चौरस मैलांचा मुलूख, दीड कोटीवर माणसं. त्यात तेलुगू, मराठी आणि कानडी अशा तीन भाषा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे. शहागड तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. संस्थानाचा रुपया वेगळा, हाली म्हणायचे. जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणायचे. कचेरीची भाषा उर्दू. शहागडच्या शेतकऱ्याला ते पिवळं निशाण रोज दिसत असेल असं नाही. त्याला दिसायचा तो करोडगिरीचा नाका, लेव्हीचं धान्य न्यायला येणारा अंमलदार आणि मोहोर उठवलेला कागद. निशाण म्हणजे काय, हे गरिबाला कापडावरून कळत नाही. त्या कापडाच्या नावानं दारात कोण येतं, यावरून कळतं.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. शहागडाहून गंगेच्या काठाकाठानं पश्चिमेला गेलं, तर पैठण येतं. पैठणच्या समोर नदी ओलांडली की शेवगाव तालुका, नगर जिल्हा. तो इंग्रजी मुलूख होता. तेव्हा नदीच्या पलीकडे त्या दिवशी तिरंगा राजरोस फडकला, मिठाई वाटली गेली. अलीकडे मात्र तिरंगा लावणं हा गुन्हा होता! निजामानं हिंदुस्थानात सामील व्हायला नकार दिला होता. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्या दिवशी हैदराबाद शहरात तिरंगा उभारला आणि त्यांना अटक झाली. पुढचे तेरा महिने संस्थानात गावोगाव माणसं छातीशी कापडाची घडी लपवून हिंडत होती. कुणी चावडीवर लावला, कुणी झाडाच्या शेंड्याला बांधला, आणि लावून तुरुंगात गेला. शिंदीची झाडं तोडली गेली, करोडगिरीचे नाके जाळले गेले. तुमच्या गावात त्या काळचं कुणी उरलं नसेल आता, पण त्यांच्या लेकी-सुना असतील. त्यांना विचारा. झेंडा घरात कुठे लपवला होता, याच्या एकेका घरी एकेक कथा निघतील. हाऱ्यात, कणगीत, लुगड्याच्या घडीत.

याच तेरा महिन्यांत पिवळ्या निशाणाचा अर्थही बदलला. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी, जो मूळ लातूरला वकिली करायचा, तो दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण फडकवण्याची भाषा करू लागला. फकिराच्या फडक्याची गोष्ट सांगणारं निशाण लुटालूट आणि जाळपोळ करणाऱ्यांच्या हाती गेलं. त्यांच्याविरुद्ध बोलले ते सगळे एका धर्माचे नव्हते. 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादनं हिंदुस्थानात सामील व्हावं असं लिहिलं, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. शाळेत हुतात्म्यांची नावं घेता, तेव्हा हे नाव गाळू नका.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १४ तारखेला औरंगाबाद हाती आलं, १५ ला जालना. १७ तारखेला संध्याकाळी निजामानं युद्ध थांबवल्याचं रेडिओवरून जाहीर केलं. १८ ला त्याच्या सेनापतीनं रीतसर शरणागती दिली. पाच दिवसांत सव्वादोनशे वर्षांचं निशाण खाली आलं. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे.

पण त्यानंतरच्या दिवसांबद्दलही बोललं पाहिजे. ते बोलायला जड आहे, म्हणूनच बोललं पाहिजे. रझाकारांनी केलेल्या जुलमाचा सूड पुढच्या काही आठवड्यांत मराठवाड्यात आणि बाहेर पुष्कळ ठिकाणी निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं फिरून अहवाल लिहिला. मेलेल्यांचा आकडा हजारोंच्या घरात सांगितला. तो अहवाल वर्षानुवर्षं कपाटात राहिला. शहागडसारख्या गावात, जिथं एका आळीत मशिदीची बांग आणि दुसऱ्या आळीत हरिपाठ ऐकू येतो, तिथं वर्गात दोन्ही घरांतली मुलं शेजारीशेजारी बसतात. "निजामाचा झेंडा उतरवला" हे वाक्य त्यातल्या एका मुलाला "तुझा झेंडा उतरवला" असं ऐकू येतं की काय, हे गुरुजींनी पाहायचं असतं. तो झेंडा त्याचा नव्हता. त्याच्या पणज्यानंही लेव्हीच भरली होती.

आता तिरंग्याकडे वळू. याचे रंग आपल्याला पाठ आहेत, अर्थही पाठ आहेत, आणि पाठ असलेली गोष्ट आपण बघायची सोडून देतो. म्हणून एकदा दोन्ही निशाणं शेजारी मांडून बघा. पिवळ्यावर अक्षरं आहेत: देवाचं नाव, घराण्याचं नाव, राजाचं नाव. तिरंग्यावर एक अक्षर नाही. ना देवाचं, ना पुढाऱ्याचं, ना पक्षाचं. १९२१ साली बेझवाड्याला पिंगली व्यंकय्यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला, तेव्हा रंगांची वाटणी धर्माप्रमाणे करण्याचा विचार होता. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्यांचा. पण वाटणी म्हटली की तंटा आलाच. शेताच्या बांधावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आमचा रंग कुठं आहे, असं जो तो विचारू लागला. शेवटी १९३१ साली काँग्रेसनं ठराव करून सांगितलं, की रंगांना धर्माचा अर्थ नाही. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा. मध्ये चरखा. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीनं चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चोवीस आऱ्यांचं चक्र घेतलं. हिरव्या रंगाबद्दल बोलताना डॉ. राधाकृष्णन यांनी त्या वेळी मातीशी आणि पिकापाण्याशी असलेलं आपलं नातं सांगितलं. शेतकऱ्याला हा अर्थ लवकर पटेल असं मला वाटतं.

आणि त्या चक्राची एक गंमत सांगतो. अशोकाच्या लेखांत बहुतेक ठिकाणी त्याचं नाव येत नाही, 'देवांचा प्रिय' एवढंच येतं. तो 'देवांचा प्रिय' म्हणजे अशोकच, हे ज्या लेखावरून पक्कं झालं, तो लेख १९१५ साली सापडला मस्कीला. मस्की हे गाव रायचूर जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्याच राज्यात! ज्या चक्राचा झेंडा निजामानं आपल्या हद्दीत लावू दिला नाही, त्या चक्रवाल्याची ओळख त्याच्याच मुलखातल्या दगडानं पटवली. अशोकाच्या लेखांत येणारे 'पेतेनिक' लोक म्हणजे आपले पैठणचे, असंही अभ्यासक मानतात.

त्या मुलानं पुढे आणखी विचारलं तर? म्हणजे, "गुरुजी, मग महाराष्ट्राचा झेंडा कोणचा?" तर सरळ सांगा, की महाराष्ट्र राज्याला वेगळा अधिकृत ध्वज नाही. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण राज्याचं असं निशाण केलं गेलं नाही. जम्मू-काश्मीरला होतं, ते २०१९ साली गेलं. कर्नाटकात २०१८ साली तसा प्रस्ताव निघाला होता. आपल्याकडे भगवा आहे, पण तो कुठल्या कायद्यानं लावलेला नाही. तो शिवछत्रपतींच्या स्मृतीनं लागतो, आणि पताका होऊन वारकऱ्याच्या खांद्यावर बसतो. आषाढात दिंड्या पुलावरून जाऊ लागल्या की शहागडच्या पोरांना तो मोजून सांपडत नाही इतका दिसतो. उरुसाच्या दिवशी चादरीपुढे हिरवं निशाण चालतं, तेही असंच. ही माणसांची निशाणं. राज्याचं निशाण ही वेगळी गोष्ट, आणि ते एकच.

त्याच्या कापडाबद्दल सांगतो आणि थांबतो. राष्ट्रध्वजाची खादी जिथं विणली आणि शिवली जाते, अशा देशातल्या मोजक्या ठिकाणांत आपलं नांदेड आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या कामगारांच्या हातून ते ध्वज तयार होतात. लांबी-रुंदीचं माप तीनास दोन. सगळ्यांत मोठा ध्वज एकवीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद. २०२१ च्या शेवटी नियम बदलले आणि यंत्रावरच्या, पॉलिस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली, त्यामुळे खादीवाल्यांची चिंता वाढली ती वाढलीच. शाळेचा झेंडा जुना झाला, फाटला, तर तो पोतेऱ्याला किंवा कचऱ्यात जाऊ देऊ नका. एकांतात, मान राखून जाळून टाकावा असा नियम आहे. आणि नवा घ्यायचा झाला, अन् शाळेच्या पेटीत पैसे असले, तर नांदेडची खादी मागवा. ज्या मुलखात हे कापड बाळगल्याबद्दल माणसं तुरुंगात गेली, तिथल्याच हातांनी ते शिवलेलं असतं.

आमच्या त्या गुरुजींनी पुढच्या वर्षी १७ सप्टेंबरला वर्गात फळ्यावर पिवळ्या खडूनं मोठा चौकोन भरला, आणि मधोमध पांढऱ्या खडूनं एक वाटोळं काढलं. काही न बोलता ते बाजूला उभे राहिले.

"भाकर!" पहिल्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

"कोणाची?" गुरुजींनी विचारलं, आणि तास सुरू झाला.